एका घूंचा बंदोबस्त

रेकॉर्ड प्लेयरचा प्रीअँप घरीच बनवायचा, असं मी एका सकाळी दात घासताना ठरवलं. माझे सगळे मोठे निर्णय मी दात घासतानाच घेतो. तोंडात फेस असल्यामुळे बायकोच्या प्रश्नांना उत्तरं द्यावी लागत नाहीत.

कारण मात्र खरंच महत्त्वाचं होतं. माझ्या सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली. तरुणपणी त्यांनी स्टुडिओत जाऊन एक गाणं रेकॉर्ड केलं होतं. त्याची ही एकच तबकडी. सासऱ्यांनी ती जिवापाड जपली, पण त्यांचा प्लेयर केव्हाच मोडीत गेला होता. आता रविवारी ते आमच्याकडे यायचे होते, आणि तबकडी मऊ फडक्यात गुंडाळून त्यांनी आधीच पाठवली होती.

"बाबांना आईचा आवाज ऐकवायचाय हो," बायको म्हणाली. मी छाती पुढे काढून म्हणालो, "ऐकवला म्हणून समज!"

एका मित्राच्या माळ्यावरून जुना प्लेयर मिळाला. पण सुईतून निघणारा आवाज इतका बारीक असतो, की तो आधी मोठा करून मगच अँप्लिफायरकडे पाठवावा लागतो. ते काम करणारं यंत्र म्हणजे प्रीअँप.

"बाजारात तयार मिळतो ना?" बायकोने विचारलं.

"तयार काय, सगळंच मिळतं! उद्या म्हणशील, नवराही तयार आणायला हवा होता."

"सुचलंच नाही बघा तेव्हा," ती म्हणाली.

मी सोल्डरिंगला बसलो. (टेबलक्लॉथला पडलेलं भोक अगदी लहान आहे. त्यावर फुलदाणी ठेवली की दिसतही नाही.) सगळं जोडून बटण दाबलं, तर स्पीकरमधून आवाज आला, "घूंऽऽऽ!" भिंतीत भुंगा अडकावा तसा.

मी मुळीच डगमगलो नाही. वीज खात्यात मी उगाच नाही. (आवक-जावक विभागात आहे, पण खातं विजेचंच ना!) ट्रान्सफॉर्मर उचलून लांब कपाटाखाली सरकवला. घूं कमी झाली. मग सगळं यंत्र पत्र्याच्या डब्यात बंद केलं, म्हणजे बाहेरची घूं आत शिरत नाही. डबा बायकोचा बटणं ठेवायचा होता. बटणं मी साखरेच्या बरणीत हलवली आणि त्यावरून जे व्हायचं ते झालं. शेवटी डब्यापासून एक लांब वायर काढून थेट स्वयंपाकघरातल्या नळाला बांधली. हे अर्थिंग. बायकोने त्या वायरवर लगेच दोन रुमाल वाळत घातले.

पण घूं गेली! आवाज पूर्ण वर चढवला तरी खोलीत चिडीचूप. मी विजयी मुद्रेने तबकडी लावली, सुई टेकवली. सासूबाई गाऊ लागल्या आणि त्यांच्या खालून पुन्हा, घूंऽऽऽ!

सुई उचलली की शांत, टेकवली की घूं. यावरून शाळकरी पोरानेही काय ते ओळखलं असतं. पण शाळकरी पोराला माझ्याइतका आत्मविश्वास नसतो.

"राहू द्या ना तेवढं," बायको म्हणाली. "कानाला बरं वाटतंय."

"बरं वाटतंय? अगं, आज घूं चालवून घेतली, तर उद्या खरखर डोक्यावर बसेल!"

दोन कपॅसिटर लावून मी खालचा सगळा आवाज कापून टाकला. आता नुसत्या सासूबाई, स्वच्छ आणि लख्ख. मी स्वतःच्या पाठीवर थाप मारायचा प्रयत्न केला, पण हात पोचला नाही.

रविवारी दुपारी सासरे नवा शर्ट घालून आले आणि स्पीकरला गुडघे टेकतील इतकी जवळ खुर्ची ओढून बसले. गाणं सुरू झालं. बायको डोळे टिपू लागली. सासऱ्यांनी डोळे मिटले, मग उघडले, मग वाकून स्पीकरच्या मागे पाहिलं.

"आवाज तिचाच," ते म्हणाले. "पण मी कुठाय?"

"तुम्ही इथेच आहात बाबा, खुर्चीवर," मी धीर दिला.

"इथला नव्हे हो! तबकडीतला. तिचा सूर सारखा सुटायचा. म्हणून मी शेजारी उभा राहून, तोंड मिटून, खालचा सूर धरला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत! त्याच्या आधारावर गायली ती." त्यांचा चेहरा एवढासा झाला. "आम्ही दोघं एकत्र असे तेवढ्या तबकडीतच उरलोय, जावईबापू."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. ते पाहणं मी इथे लिहीत नाही. सख्ख्या सासऱ्याला मी स्वतःच्या हातांनी गाण्यातून कापून टाकलं होतं! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाबा, तुम्हाला जरा... बाजूला काढून ठेवलंय," मी म्हणालो. "आत्ता आणतो!"

पक्कड आणायला मी स्वयंपाकघरात धावलो. येताना पाय वायरीत अडकला, वायर नळावरून सुटली आणि रुमालांसकट माझ्या घोट्याला गुंडाळली गेली. तसाच फरफटत आलो, डबा उघडला, दोन्ही कपॅसिटर तोडले आणि सुई टेकवली.

घूंऽऽऽ! भरदार, खणखणीत घूं.

"हाच! हाच मी!" सासरे खुर्चीतून अर्धे उठले. गाणं संपेपर्यंत त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसतही होते. बायकोने त्यांचा हात धरून ठेवला होता. मलाही भरून आलं.

गाणं संपलं. मी सुई उचलली. घूं मात्र चालूच.

माझी नजर घोट्याच्या वायरीवर गेली. अर्थिंग सुटलं होतं, म्हणजे ही घूं सासऱ्यांची नव्हे, यंत्राची! मी बटणाकडे झेपावलो.

"थांबा!" सासऱ्यांनी हात वर केला. "ऐकलंत? ती थांबली, पण मी सूर सोडलेला नाही. काय दम होता हो माझा तेव्हा!"

"बाबा, खरं म्हणजे ते—"

बायकोने माझा पाय कचकन दाबला. "होय बाबा," ती म्हणाली, "काय दम होता!"

आता सासरे दर रविवारी येतात आणि गाण्यानंतरचा आपला दम ऐकायला शेजाऱ्यांनाही बोलावतात. घूंला हात लावायचा नाही, असा मला घरचा सक्त हुकूम आहे. अर्थिंगची वायर तरी गुंडाळून ठेवावी म्हणून मी घेतली, तर बायकोने ती हातातून काढून घेतली आणि खिडकीपासून दारापर्यंत ताणून बांधली.

"राहू द्या," ती म्हणाली. "एवढ्या खटाटोपात तुमची हीच एक गोष्ट नीट चाललीय."

आणि तिने त्यावर माझे मोजे वाळत घातले.