ताईची उच्च शिक्षा

शनिवारी भरदुपारी प्रणिता पोलाद प्लँटच्या वसाहतीत, सेक्टर दोनच्या क्वार्टरच्या दारात बॅग घेऊन उभी राहिली आणि चपला काढायच्या आधीच म्हणाली, "मी पळून आली. आता परत जात नाही."

रायपूरला तिची पीएचडी चालली होती. चौथं वर्ष संपत आलं होतं. विद्यावेतन महिनोन्महिने यायचं नाही आणि मार्गदर्शक सरांनी तिच्या प्रबंधाचं एकच प्रकरण पुन्हा एकदा लाल करून परत पाठवलं होतं. आई गीताबाईंनी पाणी आणून दिलं. बाबा, म्हणजे चिंतामणराव, प्लँटमध्ये नोकरीला. ते तिच्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाले की रिसालीच्या शाळेत शिक्षिकेची जागा आहे, सोमवारी फक्त हो म्हणायचं, महिन्याच्या महिन्याला पगार. आयटीआय करून हथखोजच्या कारखान्यात लागलेला चुलतभाऊ समीर स्वतःच्या बाइकवर फिरतो, हे त्यांनी या वेळी बोलून दाखवलं नाही. पण ते घरात सगळ्यांना ऐकू आलं.

धाकट्या उर्वीला हे मुळीच पटलं नाही. उर्वी अकरावीत. मागच्याच आठवड्यात शाळेच्या प्रार्थनेनंतर ती पहिल्यांदा माइकवर बोलली होती आणि टाळ्या पडल्या होत्या. तेव्हापासून तिची खात्री झाली होती की जगातला कुठलाही प्रश्न नीट बोललं की सुटतो. ताईला आपल्या कामाचं किती वेड आहे, हे तिला ठाऊक होतं. भट्टीतून लोखंड निघाल्यावर जो स्लॅग उरतो, तो मातीत मिसळून ताई झेंडू उगवत होती. पहिलं फूल आलं त्या दिवशी ताईने फोनवर इतका आरडाओरडा केला की आईला वाटलं, पोरीला साप चावला. ती ताई आता रिसालीत पाढे घोकून घेणार?

ताई कुणाचं ऐकत असेल, तर ते तुमसरच्या कृष्णराव मामांचं. उर्वी फोन घेऊन मागच्या अंगणात गेली आणि व्हॉइस मेसेज पाठवला. उर्वीची मराठी घरापुरती. शाळा, मैत्रिणी, बाजार, सगळं हिंदीत. त्यामुळे मेसेज असा झाला:

"नमस्ते मामा, उर्वी बोलून राहिली. ताईची रायपूरले उच्च शिक्षा चालू आहे ना, चार वर्ष झाले, अजून एकाध साल बाकी आहे. पर आज ताई तिथून पळून आली. म्हणते, मरून जाईन पण परत नाही जात. बाबाही म्हणतात, राहू दे घरीच. तुमीच या आता. फोन मत करना, आईले माहीत नाही मी तुमाले सांगितलं."

मेसेज ऐकताना मामांच्या हातातला घास हातातच राहिला. तुमसरला शिक्षा एक तर मास्तर करतो नाही तर जज्ज. त्यातही ही उच्च, म्हणजे हायकोर्टाची. रेल्वेत गार्ड म्हणून जन्म काढलेला माणूस, त्यांनी मागचं सगळं जोडून पाहिलं. प्रणू काय करते विचारलं की गीता उसासा टाकून "आहे रायपूरलेच, काय सांगू दादा" म्हणायची. पोरगी लग्नाकार्याला फारशी येत नव्हती. आली तर लवकर निघायची, तो पॅरोल असणार. चार वर्षं बहिणीने हे दुःख एकटीने सोसलं आणि आपण दर दिवाळीला तिला प्रणूचा पगार विचारत राहिलो, या विचाराने मामांना जेवण गेलं नाही.

रात्रीच नातलगांना फोन करून रविवारी सकाळी ते गाडीत बसले. गोंदियाला त्यांचे व्याही हेमराज वकील चढले. वकिलांनी आयुष्यभर शेताच्या धुऱ्याची, म्हणजे बांधाची, भांडणं लढवली होती, पण काळा कोट तो काळा कोट. राजनांदगावला मोठी मावशी अंजनाबाई एक घोंगडी, डिंकाचे लाडू आणि आधाराला दोन सुना घेऊन चढली. पावर हाउस स्टेशनला उतरून सगळी वरात दोन ऑटोंनी सेक्टर दोनमध्ये दाखल झाली.

बाबा ड्यूटीवर होते. आई इतकी माणसं बघून गोंधळली आणि चहाचं आधण ठेवायला आत पळाली. उर्वीला मात्र आभाळ ठेंगणं झालं. एका मेसेजवर अख्खं खानदान ताईच्या पीएचडीसाठी धावून आलं होतं. पाण्याचा ट्रे धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली.

मावशीने प्रणिताचे गाल कुरवाळले आणि आत जेवण कसं देतात ते विचारलं.

"मेसचं असते मावशी. वरणात दाळ शोधा लागते."

मावशीने पदर डोळ्यांना लावला. मामांनी खाकरून विचारलं, "काम करून घेते का?"

"सकाळपासून अंधार पडेपर्यंत. कधी कधी रविवारीही बोलावते."

"अन् त्याचे पैसे?"

"देते. पण केव्हा देईल, नेम नाही."

"हे सगळीकडे असंच आहे," वकील अनुभवी स्वरात म्हणाले. तुझ्यासारख्या आणखी पोरी आहेत का, असं मावशीने भीत भीत विचारलं. प्रणिता म्हणाली की आहेत ना, एकीचं सातवं वर्ष आहे, केस पांढरे व्हायला लागले तिचे, पण सरांनी सही केल्याशिवाय कोणीच सुटत नाही.

सुनांनी एकमेकींचे हात धरले. उर्वी भारावून बघत होती. संशोधन इतकं खोलवर समजणारी माणसं आपल्या नात्यात आहेत, याची तिला कल्पनाच नव्हती.

मामा पुढे सरकले. "पाह्य प्रणू. काय झालं, कावून झालं, ते मी इचारत नाही. तू आमची आहे, बस. पण एक ऐक माह्यं. एका सालासाठी पळू नको. अर्धी टाकून पळालेल्या माणसाले जन्मभर दार वाजलं का धडकी भरते. पुरी कर अन् मान वर करून ये. तवर दर महिन्याले कोणी ना कोणी डबा घेऊन येईल तुह्याकडे."

प्रणिताचा बांध फुटला. चार वर्षांत ज्याने त्याने कधी संपणार आणि किती मिळणार एवढंच विचारलं होतं. डबा घेऊन येतो असं कुणी म्हटलं नव्हतं.

"जातो मामा," ती नाक पुसत म्हणाली. "उद्याच जातो."

वकिलांनी पिशवीतून चष्मा काढला. "शाबास. आता फक्त कलम कोणतं अन् गुन्हा काय, तेवढं सांग."

"गुन्हा?" प्रणिता म्हणाली.

"चार-पाच वर्षांची शिक्षा काय उगीच होते का बाई?"

उर्वीने पाण्याचा ट्रे हळूच खाली ठेवला. 'अभ्यास नाही केला त शिक्षा करीन,' हे आईचं लहानपणापासूनचं वाक्य तिला नेमकं आत्ता, अर्थासकट आठवलं.

"मामा," ती पुटपुटली, "मी शिक्षा म्हटलं म्हणजे... शिक्षण म्हटलं. हिंदीवाली शिक्षा."

वकिलांनी चष्मा परत पिशवीत ठेवला. मग प्रणिता हसायला लागली. पोट धरून, खुर्चीवरून घसरेस्तोवर हसली, आणि मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून म्हणाली, "पण मावशी, आहे सक्तमजुरीचीच."

इतक्यात बाबा ड्यूटीवरून आले. दारातला चपलांचा ढीग बघून त्यांनी आधी कोण आजारी पडलं ते विचारलं, आणि सगळं समजल्यावर ते हसलेही. पण मग काळजीने म्हणाले, "दादा, हसणं ठीक आहे. पण एवढं शिकून पोरीले मिळणार काय?"

मामांनी प्रणिताकडे पाहिलं.

"पगार उशिरा येईल बाबा," ती म्हणाली. "समीरएवढा येईल का, तेही माहीत नाही. पण तुमच्या प्लँटच्या स्लॅगमध्ये फूल आलं ना, त्या दिवशी मले वाटलं, माह्याएवढं श्रीमंत कोणीच नाही."

तो स्लॅग बाबांनी इतकी वर्षं फक्त ओतला जाताना पाहिला होता.

"जावईबापू," मामा म्हणाले, "गुन्हा केला समजून मी तिले पुरी करून ये म्हटलं. आता गुन्हा नाही केला त अर्धी सोड म्हणू का?"

सोमवारी रिसालीच्या शाळेला नाही म्हणायचं ठरलं, आणि तो फोन मीच करतो, असं बाबा स्वतःहून म्हणाले.

मग सर्वानुमते उर्वीला शिक्षा झाली. मराठीतली. सगळ्या पंगतीची भांडी घासायची. ती मोरीशी बसली, मावशी शेजारी बसून ताटं पुसायला लागली. आतून ताईचा आवाज येत होता. ती वकिलांना झेंडूचे फोटो दाखवत होती आणि वकील प्रत्येक फोटोला अचंब्याने 'बाप्पा' म्हणत होते.

राखेचा हात थांबवून उर्वीने विचारलं, "मावशी, तुमाले वाटलं ताई जेलमध्ये आहे. मग घरातून निघताना, तिनं काय केलं, हे कोणीच कावून नाही विचारलं?"

मावशीने ताट उजेडात धरून पाहिलं.

"इचारायले टाइम कुठे होता, पोरी? गाडी सुटून राहिली होती."

उर्वीने मान खाली घातली आणि आधीच लखलखणारं एक ताट पुन्हा घासायला घेतलं.