विहिरीतली हजेरी

सोनबा तात्या रोज सकाळी सात वाजता विहिरीची हजेरी घेत. कठड्यावर पोट टेकवायचं, डोकं आत घालायचं आणि खणखणीत आवाजात पुकारायचं, "बबन! सखू! थोरला दगडू! धाकला दगडू! हौसा! पाटील!" प्रत्येक नावानंतर ते थांबत, पाण्यात निरखून बघत, समाधान झालं की भाकरीचा चिमूटभर चुरा टाकत आणि पुढचं नाव घेत. समाधान झालं नाही तर मान वर न करता म्हणत, "खाडा."

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी सारोळ्याच्या बाजूला आरोग्य सेवक म्हणून नवीन रुजू झालो, तेव्हाची ही गोष्ट. हायवेपासून आत, उसाच्या पलीकडे धरणग्रस्तांची दहा-बारा घरांची वस्ती होती. पहिल्याच दिवशी सायकलवरून तिथं गेलो, तर एक म्हातारा विहिरीत डोकं घालून ओरडतोय. कुणीतरी बुडालं असं समजून मी सायकल टाकून धावलो.

"काका, कोण पडलंय आत?"

"पडल्यालं कुनी न्हाई. कामावर हायेत," तात्या म्हणाले. मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे बघून, "तुमी नवं डॉक्टर व्हय? जय भीम. जरा बाजूला हुबं ऱ्हावा, सावली पडती. पाटील बुजत्यात."

मी डॉक्टर नव्हतो. पण त्या भागात पिशवीत थर्मामीटर असलेल्या कुणालाही डॉक्टर म्हणत, आणि मीही लोकांची चूक दुरुस्त करत बसलो नाही. माझ्या पुढच्या वागण्याची सुरुवात इथूनच झाली म्हणायला हरकत नाही.

पाटील म्हणजे हातभर लांबीची मरळ. बबन, सखू, हौसा आणि दोन्ही दगडू हे मासे. कोंडीबा बेडूक. दगडांच्या फटीतला खेकडा हा शिवा शिंपी, कारण त्याच्याकडे कात्री होती. या सर्वांच्या वर एक कासव होतं. त्याला नाव नव्हतं, हुद्दा होता : मुकादम. मुकादम पाण्यावर आले की तात्या टोपी काढत. बबन आणि सखू यांत फरक कसा ओळखायचा, असं मी एकदा विचारलं. तो डोळ्यांनी दिसतो, असं उत्तर मिळालं. मला दिसत नव्हता, त्याअर्थी तपासणीची गरज मलाच होती.

या मंडळींना कामं नेमून दिलेली होती. कठड्यातून उगवलेल्या उंबराकडे दोन कामं, मुळांनी दगड धरून ठेवायचे आणि दुपारची सावली करायची. उंबराची फळं पाण्यात पडत, ती संपवायची दगडू बंधूंनी. डासांच्या अळ्या हौसाकडे, शेवाळ खरवडणं बबन-सखूकडे. मेलं-कुजलं ते मुकादम जातीनं बघत.

"आणि पाटलांकडे काय?" मी विचारलं.

"पाटलाकडं काय असतंय? बसून खात्यात. पाटील हायेत त्ये."

तात्यांचं एक पालुपद होतं : "पाण्याला सोबत लागती." ते कुठंही बसवत. मी एकदा हायवेवरच्या हॉटेलातून विकतच्या पाण्याची बाटली घेऊन गेलो. त्या काळी ती मिरवायची वस्तू होती. तात्यांनी ती उजेडात धरून बराच वेळ फिरवली.

"यात कोन हाय?"

"कोणी नाही. शुद्ध आहे."

"एकटंच कोंडलंय बिचारं," ते म्हणाले आणि बाटली परत दिली. "असलं पाणी पिऊन मानूस चिरडीला येतो."

मग व्याख्यान. झाड पाणी धरून ठेवतं. झाडाचं पान पडतं, ते किडा खातो, किड्याला मासा खातो, माशाची घाण शेवाळ खातं आणि शेवाळ पाण्याला दम देतं, म्हणून मासा जगतो. "एकाचा खाडा पडला की समद्या पाळीचं काम बोंबललं, डॉक्टर." हेच आम्हाला प्रशिक्षणात तीन दिवस शिकवलं होतं. तिथं चहा चांगला होता, एवढं मला आठवतं.

वस्तीतल्या बायकांना हा ताप होता. कठड्यावर साबण न्यायचा नाही. बादली आपटायची नाही. दुपारी दोन ते तीन पाणी शेंदायचं नाही, मुकादम झोपतात. शेजारची पारूबाई मुद्दाम ओरडायची, "तात्या, धाकला दगडू घावला बादलीत! तिखट-मीठ लावू का?"

"लाव की. उद्यापास्नं त्येचं काम तू कर. पान्यात उतर आन् उंबरं खा."

वस्तीत इतर सगळे एकमेकांचे गाववाले होते. तात्यांचं गाव वेगळं, वेल्ह्याच्या डोंगरातलं. धरणात गाव उठलं आणि जमिनी कुठं कुठं मिळाल्या, त्यात यांना एकट्याला ही जागा आली. बायको आधीच गेलेली, मुलगा पुण्यात. हे सगळं मला माहीत होतं. माझ्या सर्वेक्षणाच्या फॉर्मवर 'कुटुंबातील व्यक्ती : एक' असं मीच लिहिलं होतं. लिहून पान उलटलं होतं.

आता माझ्या गुन्ह्याकडे येतो.

पिण्याच्या विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकायचं काम पंचायतीच्या शिपायाचं. टाकली की नाही ते बघायचं काम माझं. शिपाई टाकत नसे, मी बघत नसे. असा आमचा एकमेकांवर पूर्ण विश्वास होता. रजिस्टरात मात्र आम्ही दोघंही अत्यंत कर्तव्यदक्ष होतो. ती विहीर वर्षभर माझ्या सहीनं दर सोमवारी शुद्ध होत होती.

मग नदीकाठच्या एका गावात गॅस्ट्रो सुरू झाला आणि उद्या वरून तपासणी येणार असा निरोप आला. मी उपकेंद्राच्या खोलीत गेलो. कोपऱ्यात पावडरीचं पोतं उभं होतं, शिवणसुद्धा न उसवलेलं. रजिस्टरप्रमाणे ते संपायला आलेलं असायला हवं होतं.

पावडर टाकायची एक रीत आहे. विहिरीची रुंदी मोजायची, पाण्याची खोली मोजायची, हिशेबानं पावडर घ्यायची, बादलीत कालवायची, चुना खाली बसू द्यायचा आणि वरची निवळी तेवढी ओतायची. रीतीनं टाकली तर ती माणसं वाचवते. गॅस्ट्रो काही खोटा नव्हता. पण मला त्या दुपारी माणसं वाचवायची नव्हती, पोतं रिकामं करायचं होतं. दोन विहिरींत थोडं थोडं टाकून मी वस्तीवर आलो, तेव्हा निम्मं पोतं शिल्लक होतं. तात्या भोरला गेले होते. ते गेलेत हे विचारूनच मी आलो होतो.

पोतं उलटं केलं. पाणी दुधासारखं झालं.

पारूबाई घागर घेऊन आली होती. "डॉक्टर, लई पांढरं झालं की वो."

"शुद्ध झालंय," मी म्हणालो. "आज भरू नका." आणि सायकलवर बसलो. निघताना मागं पाहिलं, तेवढ्यात पाटील वर आले. पांढरं पोट वर करून.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता साहेब जीपमधून आले. त्यांनी विहिरीचं पाणी काचेच्या नळीत घेतलं, औषधाचे थेंब टाकले. पाण्यात पावडर असली तर नळी पिवळी होते, फारच असली तर केशरी. आमची झाली केशरी. साहेबांनी ती सगळ्यांना दाखवली आणि माझी पाठ थोपटली. "काम दिसतंय," ते म्हणाले. माझ्या नोकरीतली ती पहिली शाबासकी.

तात्या उंबराखाली उभे होते. त्यांच्या पायाशी घमेलं होतं, त्यावर ओलं पोतं झाकलेलं. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी टोपलीनं काय काय बाहेर काढलं असेल, ते मला न बघता कळत होतं. वस्ती गोळा झाली होती. पारूबाई माझ्याकडे अशी बघत होती, की मी साहेबांच्या मागं सरकलो.

"काय आजोबा," साहेबांनी सहज विचारलं, "पाण्याबद्दल काही तक्रार?"

सगळे तात्यांकडे वळले. एक शब्द पुरेसा होता. पोतं बाजूला करायलाही नको होतं.

"न्हाई, सायेब," तात्या म्हणाले. "समदी हजर हायेत."

साहेबांना त्यात काही कळलं नाही. ते हसले आणि जीपमध्ये बसले.

जीप गेल्यावर मी उंबराखाली गेलो. माफी मागायची म्हणून तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

तात्या घमेल्याशेजारी बसले. "म्या चौथी पास. धरणाचं काम चाललं हुतं तवा चार वरीस मजुरांची हजेरी माझ्याकडं हुती. आमचीच मानसं. बबन, सखू, हौसा, दोन्ही दगडू. म्या पुकारायचो, ती व्हय म्हनायची आन् पाट्या उचलायची. कुनी खाडा केला तर घरला जाऊन उठवून आनायचो म्या. लई कडक हुतो. भिंत हुबी ऱ्हायली. गाव तिच्या आतल्या अंगाला. थोरला दगडू दौंडाकडं गेला, धाकला शिरूरकडं. चुलत भाऊ-भाऊ, एकमेकांची तोंडं दिसत न्हाईत. सखू कुठं हाय कुनालाच ठावं न्हाई. समद्यांस्नी म्याच हाका मारून नेलं, डॉक्टर. तुमी तर एकच दुपार चुकला."

मी विचारलं, "आणि पाटील?"

"पाटील वरल्या आळीचं. तिकडं पाणवठं दोन हुतं. त्येंचा येगळा, आमचा येगळा." त्यांनी घमेल्यावरचं पोतं नीट केलं. "हितं एकच ठिवला हुता."

मुकादम तेवढे वाचले होते. ते तात्यांच्या घरात घंगाळात बसले होते, डोळे सुजून मिटलेले. जुन्या गावच्या पाणवठ्यातलं एवढं एकच इकडं आलेलं होतं, ट्रकमध्ये, ओल्या पोत्यात, तात्यांच्या मांडीवर. तात्या कापसाच्या बोळ्यानं त्याचे डोळे पुसत होते आणि हळू आवाजात त्यालाच रागावत होते, की एवढं पाणी पांढरं होईस्तोवर तुमी काय बघत हुता?

त्यानंतर मी काय काय केलं, ते सांगून स्वतःची बाजू सावरण्यात अर्थ नाही. तीन दिवस मोटार लावून विहीर उपसली. खोली मोजायला दोरीला दगड बांधला, आयुष्यात पहिल्यांदा. पावडर विहिरीऐवजी प्रत्येकाच्या घरच्या पिंपात, मोजून टाकायची असं ठरवलं आणि दर सोमवारी स्वतः दारोदार फिरलो. पारूबाई म्हणायची, "आले आमचे शुद्धीवाले." मी ऐकून घ्यायचो. दुधाच्या कॅनमधून नीरा नदीतले मासे आणून दिले. तात्यांनी ते सोडले.

"यांची नावं?" मी विचारलं.

"ऱ्हाऊ द्या बिननावाची. सुखात ऱ्हातील."

हजेरी बंद झाली होती. सात वाजता तात्या कठड्याशी येत, चुरा टाकत आणि एक शब्दही न बोलता घरात जात. वस्तीला बरं वाटायला हवं होतं. पण मासे सोडल्याच्या चौथ्या दिवशी पारूबाईच मला म्हणाली, "डॉक्टर, सकाळचं लई सामसूम वाटतंय वो. त्येंचं बोंबलणं ऐकून आमी चूल पेटवत हुतो." साबण कठड्यावर नेऊन ती एकदा मुद्दाम थांबलीसुद्धा, तात्या ओरडतील म्हणून. ते ओरडले नाहीत. तिनं साबण आपला परत नेला.

मी मात्र रोज सातला जाऊ लागलो. ड्युटी म्हणून नाही. रजिस्टरात ही हजेरी कुठंच लिहायची नव्हती, बहुधा म्हणूनच ती खरी झाली. उंबर पिकलं, फळं पाण्यात पडू लागली. दगडांवर हिरवी कड धरली. पाण्यावर पाय न भिजवता चालणारे किडे आले. ते कुणी आणले नव्हते. मुकादमांचे डोळे उघडले, तसं तात्यांनी त्यांना टोपलीतून खाली सोडलं आणि टोपी काढली. पण नाव कुणाचं घेतलं नाही.

एके सकाळी विहिरीच्या आतल्या पायरीवर एक बेडूक बसलेला दिसला. लहानसा, पिवळट, गोंधळलेला.

"ह्यो कोन?" तात्या म्हणाले. "आपल्यातला न्हाई."

"कुठून आला असेल?"

"हायवेकडनं. चुकून आला आसंल." ते बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिले. "काम येत न्हाई, आसं तोंडावरनंच दिसतंय. पर आलाय."

मग त्यांनी कठड्यावर पोट टेकवलं, डोकं आत घातलं आणि किती तरी दिवसांनी तो खणखणीत आवाज विहिरीत घुमला.

"डॉक्टर!"

बेडूक हलला नाही. पलीकडच्या ओट्यावर पारूबाईनं भांडी घासायची थांबवली.

"डॉक्टर!"

तात्यांनी मान वर केली आणि बेडकाकडे नाही, माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हजर," मी म्हणालो.

खाली डुबुक् आवाज झाला.

"उशिरा," तात्या म्हणाले. त्यांनी चिमूटभर चुरा पाण्यात टाकला आणि उरलेली चतकोर भाकरी माझ्या हातावर ठेवली.