कोनं पाह्यलं?

एका लेखात वाक्य होतं, ‘आमच्या घरासमोर चिंचेचं झाड आहे.’ एवढ्या एका वाक्यासाठी मोरेश्वर वडसापुढच्या खेड्यात एसटीने जाऊन आला. संध्याकाळी परतला तो मोठ्या समाधानाने. ‘‘झाड हाये,’’ म्हणाला. ‘‘पन समोर नाई. जरासं डावीकडं हाये.’’ आणि लाल पेनाने त्याने ते झाड डावीकडे सरकवलं.

मोरेश्वर आमच्या विद्यापीठाच्या ‘घडलेलं’ या वार्षिकाचा विद्यार्थी-संपादक. मी उपसंपादक, म्हणजे त्याच्यामागून पिशवी घेऊन हिंडणारी. अंकात फक्त खरोखर घडलेलं छापायचं, कथा-कविता बंद, असा नियम आमच्या आधीपासूनचा. पण मोरेश्वरने तो पार टोकाला नेला. कोणी भाबडा कवी आलाच, तर कविता शांतपणे वाचायचा आणि विचारायचा, ‘‘हे कोनं पाह्यलं?’’ चंद्र लाजला हे कोणीच पाहिलेलं नसायचं. कवी बिचारे निघून जायचे.

हा प्रश्न तो सगळ्यांना विचारी. मेसमधल्या बाई म्हणाल्या, भाजी संपली, की ‘‘कोनं पाह्यलं?’’ म्हणत हा पातेल्यात डोकावणार. आम्ही त्याच्या वाढदिवसाला शुभेच्छा दिल्या तर म्हणाला, ‘‘माझा जन्म झाला, असं म्हनतात. मी काई पाह्यलं नाई.’’

प्रत्येक लेखाखाली दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात, हा नियम मात्र त्याचा स्वतःचा. आमच्या सरांनी प्रास्ताविकात लिहिलं होतं, ‘हा अंक सादर करताना अत्यंत आनंद होत आहे.’ मोरेश्वरने सरांना आनंदात पाहिलेली दोन माणसं मागितली. शोधूनही सापडली नाहीत. त्या वर्षी प्रास्ताविक आनंदाशिवाय छापलं गेलं.

त्याच्या संगतीत माझंही डोकं फिरायला लागलं होतं. सकाळी दात घासले की नाही, याचीही खात्री वाटेना.

अशात पहिल्या वर्षाच्या शीतलचा लेख आला. तिचं गाव सिंदेवाहीच्या पलीकडे, जंगलाला लागून. लेख तिच्या आईवर, पारबताबाईंवर. मोहफुलं वेचताना समोर वाघ आला. आई पळाली नाही. हात जोडून म्हणाली, ‘‘जाय बापू आपल्या घरी, मले पोरगी हाये.’’ आणि वाघ गेला. वाचून माझ्या अंगावर काटा आला. मोरेश्वरच्या अंगावर काही येत नसे.

‘‘साक्षीदार कोन?’’

‘‘वाघ,’’ शीतल म्हणाली.

‘‘त्याची सही भेटते काय?’’

शीतल रडकुंडीला आली. लेख छापून येणार, हे आईने गावभर सांगितलं होतं. ‘‘नाई छापला तर लोक मायले खोटी म्हनतीन, भाऊ. मंग मी कोन्या तोंडानं गावात जाऊ?’’

अंक छापखान्यात अडकलेला, आणि तो याच एका लेखासाठी. मोरेश्वरने तपासाला दिवस निवडला तो नेमका संक्रांतीचा. त्याचे तपास सणासुदीलाच निघायचे. पोळा असो, दिवाळी असो, वसतिगृह रिकामं झालं की हा वही घेऊन कुठल्यातरी खेड्यात. मला वाटायचं, बाबाला कामाचं वेड आहे. माझं घर ब्रह्मपुरीला. हातातला तिळगूळ खाली ठेवून मला त्याच्याबरोबर बस पकडावी लागली.

गावात उतरलो. मोरेश्वरच्या हातात वही, खिशात मोजपट्टी, पायात बूट. लोकांना वाटलं, वनखात्याचा माणूस पंचनाम्याला आला. बघता बघता गर्दी जमली. एकाचं लाखोरी डाळीचं पीक रानडुकरांनी उकरलं होतं, एकाची गाय महिनाभर दिसली नव्हती. मोरेश्वर प्रत्येकाला ‘‘कोनं पाह्यलं?’’ विचारी, आणि गर्दीतली दहा माणसं एकदम हात वर करीत. इतके साक्षीदार त्याला जन्मात मिळाले नव्हते. तो सगळं भराभर लिहून घेत होता.

शेवटी मीच वाघाची गोष्ट काढली.

‘‘वाघ कायचा? अस्वल होतं,’’ शीतलचा काका म्हणाला.

‘‘अस्वल नाई, शेजारच्याचा कुत्रा,’’ दुसरा म्हणाला.

तिसऱ्याच्या मते पारबताबाई त्या दिवशी जंगलात नव्हत्याच, सिंदेवाहीच्या बाजारात होत्या. त्याने त्यांना भेंडी घेताना पाहिलं होतं. मोरेश्वरने पानावर चार रकाने आखले आणि त्या रकान्यांकडे बघत बसला. मला तर आपण कशासाठी आलोय, हेही आठवेना.

शीतल दाराची चौकट धरून उभी होती. तिचं तोंड एवढंएवढं झालं होतं.

पारबताबाईंनी आम्हाला आत नेलं, जेवायला बसवलं. वरण-भात, वांग्याची भाजी, लाखोरीच्या डाळीचे गरम वडे. मोरेश्वरने पहिला घास घेतला आणि विचारलंच, ‘‘बाई, वाघ होता का नोता?’’

‘‘मले का माहीत? मी डोये मिटले होते.’’

मोरेश्वरचा घास हातातच राहिला.

‘‘झुडपात काईतरी होतं बापू. मोठं होतं. डोये उघडले तं नोतं. पोरगी होस्टेलात जायले भेत होती, म्हून तिले म्हनलं, वाघ होता. तुही माय वाघाले भेली नाई, तू कायले भेतं?’’

मोरेश्वरने हातातला घास संपवला. दोन वडे जास्त खाल्ले.

निघताना पारबताबाईंनी स्टीलचा डबा पुढे केला. ‘‘तिळाचे लाडू हायेत. तुह्या मायले देजो. सनाच्या दिवशी पोरगा घरी नाई, वाट पाहून राह्यली असन ना?’’

मोरेश्वरने दोन्ही हातांनी डबा घेतला. ‘‘हो बाई,’’ म्हणाला. ‘‘वाट पाहून राह्यली.’’

बसमध्ये मी सहज म्हटलं, ‘‘तुझी आई असते कुठे? कधी सांगितलं नाहीस.’’

‘‘नाई. मी दीड वर्षाचा होतो तवाच गेली.’’

‘‘मग बाईंना तसं का सांगितलंस?’’

‘‘त्यायच्या हातात डबा होता.’’

त्याने डबा मांडीवर नीट ठेवला. मग म्हणाला, ‘‘मावशी म्हनते, माय गोरी होती. काका म्हनते, सावळी. कोनी म्हनते लय गानी गाये, कोनी म्हनते बोलतबी नोती. फोटो नाई. लहानपनापासून सगळ्यायले इचारून राह्यलो, कोनं पाह्यलं, कोनं पाह्यलं. सगळेच म्हनते, आमी पाह्यलं.’’

मला फार वाईट वाटलं. तीन वर्षं मी याच्या त्या प्रश्नाची नक्कल करून मैत्रिणींना हसवलं होतं.

लेख छापला. वाघासकट. खाली दोन सह्या हव्या होत्या. पहिली मोरेश्वरने केली आणि पेन माझ्यापुढे धरलं. मी काहीच पाहिलं नव्हतं. मी सही केली.

राहिला डबा. ‘‘रिकामा देत नाई ना?’’ मोरेश्वरने विचारलं. ‘‘मंग काय भरून देतात?’’ माझी आई लाडू करून द्यायला तयार होती, पण याने ऐकलं नाही. तुझ्या आईचे लाडू माझ्या आईचे म्हणून दिले, तर ते खोटं होईल, म्हणाला. हा हिशोब मला अजून कळलेला नाही. आमच्याच स्वयंपाकघरात त्याने स्वतः शेंगदाण्याचे लाडू केले. गूळ करपला, लाडू वळेनात. अखेर चुरा डब्यात दाबून भरला, आणि अंक घेऊन आम्ही पुन्हा त्या गावी गेलो.

शीतलने अंगणात उभं राहून लेख मोठ्याने वाचला. अस्वलवाला काकासुद्धा मान डोलावत होता.

मोरेश्वरने डबा पुढे केला. ‘‘मायनं पाठवले,’’ म्हणाला.

पारबताबाईंनी झाकण काढलं. करपलेल्या चुऱ्याकडे बघितलं, मग मोरेश्वरच्या हाताकडे. गुळाचा चटका बसून त्याच्या दोन बोटांना फोड आले होते. त्यांनी चिमूटभर तोंडात टाकलं आणि सावकाश चावलं.

‘‘चांगले झाले,’’ म्हणाल्या. ‘‘पन आता मायले तरास देऊ नोको, बापू. सनाले तू असाच येत जाजो, रिकाम्या हातानं.’’