चिमट्याची वारस

वडिलांची इस्टेट ताब्यात घ्यायला मला वकील लागला नाही, कोर्ट लागलं नाही. एक पासवर्ड पुरला!

बाबा गेल्यावर घर आईला, पुस्तकं मला, स्कूटर धाकट्या भावाला, अशी वाटणी चहा निवायच्या आत झाली. उरला 'चिमटा'. चिमटा म्हणजे बाबांनी लिहिलेला छोटासा प्रोग्रॅम. लांबलचक नाव अरुंद चिठ्ठीवर नीट बसवायचं, एवढंच त्याचं काम. बाबांनी तो इंटरनेटवर ठेवून दिला होता आणि कुठले कुठले प्रोग्रॅमर तो फुकट वापरत. हे मला ठाऊक होतं. पण शोकसंदेश वाचायला म्हणून बाबांचं इंटरनेटवरचं पान उघडलं आणि डोळे पांढरे झाले. तिथे ते 'पेन्सिल' या टोपणनावानं वावरत.

"पेन्सिलसर शंका विचारली की पानंच्या पानं लिहीत." "सरांची उत्तरं मी जपून ठेवलीत!"

पानंच्या पानं? माझ्या वाट्याला आलेलं बाबांचं समग्र वाङ्मय दोन वाक्यांचं होतं. "जेवलीस का?" आणि "घे, आईशी बोल."

सगळ्यांत खाली एक बाई होती. "मी त्यांची मानसकन्या."

मानसकन्या! प्रत्यक्ष कन्या इथे धडधाकट बसलेली असताना!

मी भावाला फोन लावला. तोही प्रोग्रॅमरच.

"आजपासून चिमटा हवा असेल त्यानं मला विचारायचं. आणि पैसे मोजायचे."

"ताई, बाबांनी तो वाटून टाकलाय गं. परवान्यात स्पष्ट लिहिलंय, कुणीही घ्या, वापरा, बदला, विका."

"विकासुद्धा?"

"विकासुद्धा."

"मग मीच विकते!"

"वीक की. फुकटची वस्तू विकत कोण घेणार, तेवढं सांग."

"तर मग फुकट मिळणं बंद!"

"ताई, वेड्यासारखं करू नकोस. ताई? अगं ता..."

फोन ठेवला. बाबांचा पासवर्ड घालून आत शिरले, बटण दाबलं. खरंच पुसू का, असं कॉम्प्युटरनं पुन्हा पुन्हा विचारलं, मी पुन्हा पुन्हा ठणकावून हो म्हटलं. त्या जागी पाटी लावली: 'ही खासगी मालमत्ता आहे. वारसाशी संपर्क साधावा.'

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकलं तर दारातच गर्दी. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला नावाची चिठ्ठी छापून छातीला चिकटवतात. आज ते यंत्र अक्षराखाली अक्षर छापत सुटलं होतं! तपासणीला आलेले बडे अधिकारी मध्ये उभे. नाव चांगलं ऐसपैस, पुढे पदव्यांची रांग. चिठ्ठी त्यांच्या छातीपासून गुडघ्यापर्यंत लोंबत होती, आणि पदव्या अजून यायच्याच होत्या!

"हा काय प्रकार आहे?" आमचे साहेब ओरडले.

ऑफिसचा प्रोग्रॅमर घामाघूम झाला होता. "साहेब, हे यंत्र रोज सकाळी चिमटा नावाचा प्रोग्रॅम बाहेरून उचलून आणतं. आज तो जागेवरच नाही. पेन्सिल नावाचे कुणी गृहस्थ होते, ते वारले. वारसाचं डोकं फिरलंय."

"कोण हा दळभद्री वारस?"

मी खिडकीबाहेर बघू लागले. मग राहवेना. "आपण त्या गृहस्थांना कधी काही दिलं होतं का?"

"कशाला देणार? फुकट होतं ना! बाई, तुम्ही वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या. त्या वारसाला लोण्यासारखं पत्र लिहा. मागेल ते देऊ म्हणावं."

बसले लिहायला. 'आपल्या दिवंगत वडिलांच्या थोर कार्याचे आपण एकमेव वारस...' 'एकमेव'खाली रेघ ओढली. साहेब मागेच उभे होते. पत्र पाठवलं, आणि माझ्या पर्समध्ये टिंग वाजलं!

"बघा बघा, उत्तर आलं वाटतं!"

"घरचं आहे," मी म्हणाले. खोटं कुठे होतं?

उत्तर मनात तयार होतं. चिमटा मिळेल, पण आधी सगळ्यांनी क्षमा मागावी, मानसकन्येनं विशेष! तेवढ्यात प्रोग्रॅमर ओरडला, "सुरू झालं!"

"वारस आला वठणीवर?" साहेबांनी विचारलं.

"त्याला कोण विचारतंय, साहेब! असल्या गोष्टींच्या प्रती वापरणाऱ्यांकडे असतातच. एका बाईंनी स्वतःची प्रत इंटरनेटवर ठेवली. मी नुसता पत्ता बदलला."

कोणत्या बाईंनी, हे मी विचारलं नाही. बाईंनीही पाटी लावली होती: 'सरांच्या घरी दुःख आहे. चुकून पुसलं गेलं असेल. घरच्यांना कुणी त्रास देऊ नये. चिमटा मी सांभाळते, फुकटच राहील.'

भांडायला जागाच ठेवली नाही बयेनं!

"बाई," साहेब खुशीत म्हणाले, "ऑफिसच्या वतीनं आभार माना त्यांचे. आत्ताच्या आत्ता!"

मानले. दातओठ खाऊन, दीड ओळीत. खाली सवयीनं पूर्ण नाव लिहिलं, बाबांच्या नावासकट. लगेच उत्तर आलं.

'तुम्ही सरांची मुलगी ना? सरांनी मला त्यांचं खरं नाव सांगितलं होतं. मी एकदा त्यांना म्हटलं होतं, मला एवढं समजावता, तर मुलीला किती शिकवलं असेल! ते म्हणाले, तिला काय शिकवायचं? तिला सगळं येतं.'

बराच वेळ मी तेवढंच वाचत बसले. म्हणजे मी आपली पास होत गेले, आणि बाबांनी वर्गच बंद केला!

मग तिला लिहिलं, 'मला काहीही येत नाही. चिमटा मीच पुसला होता. कसा चालतो, ते सांगाल का?'

तिचं उत्तर स्क्रीनवर मावेना. तेव्हापासून आमचं चालूच आहे. परवा भाऊ माझ्या खांद्यावरून डोकावून वाचत होता. वाचता वाचता त्याचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, बाबांनी सांगितलेलं ती सगळं तुलाच कसं गं लिहिते? मला का नाही?"

"तुला सगळं येतं ना," मी म्हणाले, आणि स्क्रीन जरा माझ्याकडे वळवून घेतली.