इंजिन खोकलं की हॉर्न

सोपानकाकांना कुणी ‘कसं काय, बरं हाय का?’ विचारलं, की ते ‘अर्थिंग ठीक हाय’ म्हणतात आणि चालू लागतात. नवख्या माणसाला वाटतं, म्हाताऱ्याचं काहीतरी बिघडलंय. आम्हा जळकोटच्या गल्लीवाल्यांना कळतं, की काका स्वतःबद्दल नाही, गाडीबद्दल सांगतायत.

गाडी जुनी, पण कंप्युटरवाली. डॅशबोर्डाखाली पत्र्याचा एक डबा आहे, तोच तो कंप्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी टाकायची, सगळं तो ठरवतो. त्याच्याकडे जाणाऱ्या वायरींच्या जुडग्यात एक वायर सैल आहे, असा काकांचा पक्का संशय. गाडी रोज एका किल्लीत चालू होते, तरी संशय हटत नाही.

“वायर खोटं बोलत न्हाई, बाई,” ते मला सांगतात. मी शाळेत शिकवते म्हणून त्यांची ‘बाई’. “निस्तं हलवून इचारावं लागतंय तिला.”

हे इचारणं दर रविवारी चालतं. काका कुंपणावरून हाक मारतात, “बाई, जरा या की! बसा आत. इंजिन खोकलं की हॉर्न!” मग मी पोळ्या अर्धवट टाकून ड्रायव्हरच्या सीटवर बसायचं. काका बॉनेट उघडून त्यामागे गायब. ते एकेक वायर हलवणार, आणि इंजिन अडखळलं की मी हॉर्न दाबायचा.

एकदा मी वैतागले. “अहो काका, इंजिन तुमच्या नाकाखाली. ते खोकलं तर माझ्या आधी तुम्हाला नाही का ऐकू येणार?”

“हातानं काम करून राहिलो की माझे कान बंद होतात,” काका म्हणाले. मी आपली पुन्हा हॉर्नवर हात ठेवून बसले.

एका दुष्काळाच्या वर्षी गावात दोनच विषय होते: टँकर कधी येणार आणि आपला भाग नव्या जिल्ह्यात जाणार का. काकांचा विषय तिसराच. “दुष्काळ लई वंगाळ, पण हवेत ओल न्हाई, वायरींच्या पिनांना गंज न्हाई!” रिकामी घागर घेऊन उभ्या असलेल्या बायकांपुढे त्यांनी हे खुशीत सांगितलं. बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं, ते मी लिहीत नाही. गंमत म्हणजे या माणसाचा जन्म गावाच्या पाणीपुरवठ्याच्या पंपावर गेलेला.

त्याच उन्हाळ्यात नांदेडहून त्यांच्या मुलीचा, सुनीताचा फोन आला. “बाई, बाबांना कायमचं इकडं आणतेय. पाण्याचे हाल, त्यात एकटे. गाडीपायी अडून बसलेत. बिलोलीचं गिऱ्हाईक रविवारी येतंय. गाडी विकली, की मग बाबा येतील.”

पोरीचं काही चुकत नव्हतं. पण त्या रात्री जेवताना मला भाजी कडू लागली. काका गेल्यावर रविवारी हाक कोण मारणार?

रविवारी बिलोलीचे पाहुणे आले. कडक इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांवर गॉगल. गाडी मेली एका किल्लीत चालू झाली. पाहुणे खूश. काका मात्र म्हणाले, “वायरी तपासल्याबिगर गाडी देणार न्हाई. बाई, बसा आत.”

मी बसले. त्या सीटवर गोधडीची एक जाड घडी कायम असते. शेवंताकाकूंची. काकू ठेंगण्या, त्यांना काचेतून पुढचं दिसावं म्हणून काकांनी ती घातलेली. काकू असताना रविवारी हॉर्न त्याच दाबायच्या. त्या गेल्या, घडी तशीच राहिली, आणि तिच्यावर बसून माझं डोकं दर वेळी छताला लागतं.

बॉनेट वर गेलं. इंजिन एका सुरात चाललेलं. आणि तिथं बसल्या बसल्या माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. या माणसाच्या कानांना काही झालेलं नाही. त्याला फक्त या सीटवर कुणीतरी बसलेलं हवंय. माझे डोळे भरून आले.

मी हॉर्न दाबला. चांगला लांबलचक. समोरच्या घरातली पोरं बाहेर आली.

“काय झालं?” पाहुणे दचकले.

“खोकलं,” मी म्हणाले.

“आम्हाला तर काही ऐकू आलं न्हाई!”

बॉनेटच्या कडेनं काकांचं तोंड हळूच बाहेर आलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाहुण्यांकडे. “हाव, खोकलं की,” ते गंभीरपणे म्हणाले. “जुना आजार हाय. रस्त्यात कुठं दगा देईल, सांगता येत न्हाई.”

पाहुणे अर्धा कप चहा पिऊन बिलोलीच्या वाटेला लागले. “आता सुनीताला काय सांगायचं?” मी गाडीतून उतरत विचारलं.

“सुनीताला मी सांगतो,” काका म्हणाले. “पाऊस पडूस्तोवर महिनाभर जाऊन राहतो तिच्याकडं. गाडी घेऊनच जातो. पण एक सांगू का, बाई? तुम्ही हॉर्न दाबला तवा मी वायरीला हातसुदिक लावला नव्हता.”

“मग त्या बॉनेटमागं करत काय होतात?”

“डोळे पुसून राहिलो होतो.”

दोघंही एकदम हसलो. काकांना तर ठसकाच लागला. मग गळ्यातल्या पंच्यानं तोंड पुसून ते पुन्हा बॉनेटमागे गेले.

“वायर खोटं बोलत न्हाई,” तिकडून आवाज आला. “बाई मातर लई बोलतात. बसा आत!”

मी गोधडीवर बसले. डोकं छताला लागलं, आणि पोळ्या तशाच राहिल्या.