गवताच्या भिंतीची खिडकी

"आज तू नुसतं बसायचं. आणि शेवटची पेंढी रचून होईपर्यंत एक अक्षर बोलायचं नाही," बायकोला खुर्चीसकट गवताच्या कोठीच्या दारासमोर ठेवत नवऱ्यानं बजावलं.

तिचा पाय मुरगळला होता. धार काढणं, गोठा झाडणं, गाईला पाणी पाजणं ही तिची कामं सकाळपासून त्याच्या गळ्यात पडली होती आणि खरं सांगायचं तर त्यानं ती कशीबशी उरकली होती. पण गवत रचायची गोष्ट वेगळी. गेल्या वर्षी त्यानं रचलेली रास मेहुण्याच्या अंगावर कोसळली होती. कानातलं गवत काढत मेहुणा म्हणाला होता, "ताई नसेल तर भावोजींना दोन पेंढ्याही एकावर एक ठेवता यायच्या नाहीत." हे वाक्य वर्षभर कुसळासारखं टोचत होतं. आणि आज तोच मेहुणा बहिणीचा पाय बघायला येणार होता.

वाळलेल्या पेंढ्या आदल्या दिवशीच कोठीत फेकून ठेवल्या होत्या. रचायला सुरुवात मागच्या भिंतीपासून करायची आणि दाराकडे यायचं, हे शेंबडं पोरही सांगेल. पण मागची बाजू मेहुण्याला कुठे दिसणार? म्हणून त्यानं आत उभं राहून थेट दारापासूनच रचायला घेतलं.

बायकोनं तोंड उघडलं. त्यानं ओठांवर बोट ठेवलं. तिनं तोंड मिटलं.

भिंत मात्र देखणी होत होती, त्यात वाद नाही. कडा सरळ, पेंढीला पेंढी घट्ट. त्याचे गुडघे दिसेनासे झाले, मग छाती, मग मिशा. शेवटची पेंढी चौकटीत कोंबून तो आतून ओरडला, "झालं! आता बोल."

"सुंदर झालीय हो. आता बाहेर कसे येणार?"

आतून पेंढ्या चाचपल्याची सळसळ ऐकू आली.

"हे आधी नाही सांगायचं?"

"तुम्हीच गप्प बसवलंत. आता पाडा ती भिंत."

"पाडू? तुझा भाऊ यायच्या वेळेला? त्याला सांग, मी बाजारात गेलोय. तो जाईपर्यंत बसतो इथेच."

तेवढ्यात गाय आली. सकाळच्या गडबडीत तिला बांधायचंच राहिलं होतं. आयतं ताट वाढलेलं बघून तिनं भिंतीच्या मधोमध तोंड घातलं.

"अगं, कोण ओढतंय?"

"गाय."

"मग हाकल की तिला!"

"कशी हाकलू? लंगडी घालत?"

गाईनं एकेक पेंढी सबंध उपसली. भगदाड पडलं आणि त्यात नवऱ्याचा घामेजलेला चेहरा दिसू लागला. गाय पेंढी घेऊन बाजूला झाली, आणि नेमका फाटकातून मेहुणा आत आला.

"भावोजी, आत काय करताय?"

नवऱ्याचा चेहरा पडला. पुढच्या वर्षाच्याही टोमण्यांची सोय झाली होती.

"खिडकी ठेवलीय त्यांनी," बायको शांतपणे म्हणाली. "हवा खेळली नाही तर गवताला बुरशी धरते. नीट बसलीय का ते आतून बघताहेत."

त्या क्षणी त्याला बायको लग्नात आवडली नसेल एवढी आवडली. आणि म्हणूनच तिला आपल्यापायी खोटं बोलावं लागलेलं त्याला बघवेना.

"कसली खिडकी? गाईनं खाल्लं ते," तो म्हणाला.

मेहुण्यानं भगदाडाच्या कडेवरून हात फिरवला आणि मान डोलावली.

"काहीतरीच! गाईला इतकं चौकोनी जमतं होय? ताई, एवढं करून मोठेपणा घेत नाहीत बघ. भावोजी, मागचं बोलणं विसरा. उद्या आमच्याकडे या. मला अगदी अश्शीच खिडकी पाहिजे."

बायकोनं पदर तोंडावर धरला.

"येतील की," ती कशीबशी म्हणाली, "गाईला घेऊनच येतील."