कर्णफुलांची स्वारी आणि धुरात बुडालेला डोंगर

हकीकत ऐसी जे, आला-तू पर्वताच्या पायथ्याशी बिश्केक नामे राजधानी वसली आहे. घोडीचे दूध घुसळायच्या रवीवरून नाव पडले, ऐसे वडील माणसे सांगतात. दक्षिणेस डोंगर, उत्तरेस मैदान, आणि दरोबस्त शहर डोंगराकडून मैदानाकडे उतरते. उतार इतका मंद की डोळ्यास न कळे, परंतु पाण्यास कळे. सबब येथील रयत उजवे-डावे मानीत नाही. डोंगराकडे ते वर, मैदानाकडे ते खाली, इतक्यावर लग्ने आणि मयते सुखरूप पार पडतात.

ऐशा शहरी, ऐन हिवाळ्यात, राजमान्य राजश्री तोक्तोबेक टॅक्सीवाले यांनी पुत्राच्या सोयरिकीची मोहीम काढली. समागमे पत्नी बात्माकानबाईसाहेब, चांदीची कर्णफुले, उकडलेली मेंढी आणि चहाचा थर्मास, ऐसा सरंजाम. सासूने स्वहस्ते मुलीच्या कानी कर्णफुले घातली म्हणजे सोयरीक पक्की. परंतु मागील खेपेस स्वारी वाट चुकून संध्याकाळी पोहोचली, आणि मुलीची आजी बुरुलसुन यांनी हुकूम फर्मावला होता की, पुन्हा दुपार टळली तर कर्णफुले आल्या वाटेने परत न्यावी.

मग कूच झाले. परंतु घरोघरी कोळसा पेटला होता आणि त्या धुराने डोंगर सगळाच गिळला. थोरल्या गोल चौकात तोक्तोबेक यांनी दोन प्रदक्षिणा घातल्या, आणि मग जो रस्ता समोर आला त्यावर मोटार घातली, आणि बहुत मजल मारली तरी मुलीच्या घराजवळील खुणेचे हमाम, म्हणजे सार्वजनिक स्नानगृह, दिसेना. मुलीकडे फोन केला, तो आज्ञा आली की डोंगराकडे तोंड करून सरळ वर यावे. रोटीवालीस पुसले, तिनेही तेच सांगून बोट दाखविले, आणि बोट धुरात गेले. फोनात नकाशा पाहावा ऐसी मसलत बाईसाहेबांनी दिली, ती या शहरी जन्मलेल्यास नामुष्कीची म्हणोन नामंजूर झाली.

“तीस वर्षं गाडी चालवतोय. डोंगर दिसला नाही तरी मला वर कळतं.”

“मागच्या खेपेलाही कळलंच होतं की. थांबवा गाडी.”

रस्त्याकडेच्या पाटातून उन्हाळ्यात डोंगराचे पाणी झाडांस येते. तो आता कोरडा पडला होता. बाईसाहेब खाली उतरल्या आणि त्यांनी अवघा थर्मास पाटात रिता केला. चहा क्षणभर अडखळला, मग पाचोळा पुढे ढकलीत, वाफ सोडीत, मोटारीच्या तोंडाच्या दिशेने चालता झाला.

“बघा, तुमच्या पुढे धावतोय. आपण खाली चाललोय, अहो. वळवा.”

तोक्तोबेक यांनी मोटार फिरविली.

दुपार टळता टळता स्वारी दारी दाखल झाली. आजी उंबऱ्यात खड्या होत्या. “या खेपेला कुणाला विचारत आलात?”

“चहाला, आजी,” बात्माकानबाई म्हणाल्या, आणि रिता थर्मास दाखविला.

आजींनी वाट दिली, आणि झिबेक नामे कन्येच्या कानी कर्णफुले चढली. मग चहा आला. बात्माकानबाईंचा पेला अर्धाच भरला, की पुनःपुन्हा मागावा, हा मान. तोक्तोबेक यांचा मात्र काठोकाठ. त्याचा अर्थ या मुलखी, आता निघा, ऐसा होतो. त्यांनी तो रिता करून पुढे केला, आणि आजींनी बहुत वेळ त्यांजकडे पाहिले.

दुसरा पेला अर्धा आला. मोहीम फत्ते जाहली, ऐसे जाणावे.